मांजलपूरचा फ्लॅट : साडेपाच वर्षांचा हिशेब

2018 च्या दिवाळीआधी बडोद्यातल्या दांडिया बाजारातला माझ्या माहेरचा वाडा विकला गेला. भावंडांत वाटणी होऊन माझ्या वाट्याला 11 लाख आले. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आईचं म्हणणं एकच होतं, "घराचे पैसे आहेत, घरातच राहू देत." माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. ती बारावी होईपर्यंत हे पैसे कुठेतरी वाढले पाहिजेत, एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मग आईचं म्हणणं आणि माझा हिशेब एकत्र करून ठरवलं, एक छोटा फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा आणि वेळ आली की विकायचा.

तो फ्लॅट जून 2025 मध्ये विकला. मध्ये साडेपाच वर्षं गेली. आता ओळखीतल्या दोघी-तिघी विचारतात, "किती सुटले गं?" फोनवर एक आकडा सांगून भागत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. माझी नोकरी हिशेबाची आहे, त्यामुळे पावत्या जपायची सवय होती. तिचा इतका उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मार्च 2019 पासून बघायला सुरुवात केली. रविवारी सकाळी चहा झाला की मी आणि नवरा स्कूटरवर निघायचो. बडोद्यात दलाल दोन्ही बाजूंकडून साधारण एक-एक टक्का घेतो, हे आधीच धरून ठेवलं होतं. चार महिन्यांत 22 फ्लॅट पाहिले. पहिल्या पाच-सहा ठिकाणी मी नुसती हो-हो करत फिरले, मग टेप घेऊन जायला लागले. जाहिरातीत 1,050 चौरस फूट लिहिलेल्या एका फ्लॅटच्या खोल्या, स्वयंपाकघर, मोरी सगळं मोजलं तर बेरीज 640 च्या पुढे जाईना. बाकीचं जिना, भिंती, पार्किंग, गच्ची. रेरा हा घरबांधणीचा कायदा आल्यापासून नव्या स्कीममध्ये बिल्डरला कार्पेट, म्हणजे आतला वापरायचा एरिया, सांगावाच लागतो, पण जुन्या फ्लॅटच्या बाजारात अजून सुपर बिल्टअपचीच, म्हणजे हे बाकीचंही धरलेल्या फुटांचीच, भाषा चालते. त्यामुळे दोन फ्लॅटच्या भावाची तुलना करायची असेल तर स्वतः मोजलेल्या फुटांवरच करा.

नव्या स्कीमही पाहिल्या. पण बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो आणि बीयू, म्हणजे पालिकेची वापर-परवानगी, मिळाल्यानंतर घेतला तर लागत नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य. रावपुऱ्यातल्या एका गाळ्याचाही विचार झाला. भाडं चांगलं होतं, पण जुन्या शहराच्या बऱ्याच भागाला अशांत धारा हा गुजरातचा कायदा लागू आहे, तिथे खरेदी-विक्रीआधी कलेक्टर कचेरीची परवानगी लागते. तेवढं थांबायची तयारी नव्हती, म्हणून तो विषय सोडला.

जुलैत समा भागातला एक फ्लॅट मनात भरला. तळमजला, पुढे छोटा ओटा, दारात पारिजातक. 23 लाख सांगितले होते. आईला जिने चढायला नकोत, कधी आपणच राहायला गेलो तर बरं, असं सगळं मनात यायला लागलं. रविवारी, 4 ऑगस्टला, बाना (बयाणा) म्हणून 51 हजारांचा चेक द्यायचा ठरला.

त्याआधीच्या बुधवारी, 31 जुलैला, पाऊस सुरू झाला. बडोद्यातल्या कुणालाच तो दिवस विसरता येणार नाही. 24 तासांत जवळजवळ 20 इंच. विश्वामित्री नदी भरली, पाणी वस्त्यांत शिरलं, गल्ल्यांतून मगरी दिसल्याचे व्हिडिओ घरोघरी फिरत होते. रविवारी बाना देणं शक्यच नव्हतं. आम्ही त्या सोसायटीत पोचलो ते पुढच्या गुरुवारी.

पारिजातकाच्या खोडाला प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. आतल्या भिंतीवर चिखलाची सरळ रेघ होती, स्विचबोर्डाच्या जरा वर, माझ्या कमरेपर्यंत. स्वयंपाकघरातल्या प्लायवूडच्या कपाटांची दारं फुगून लागेनाशी झाली होती. शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू ओट्यावर बसून घराचा दस्तावेज, म्हणजे खरेदीखत, सुकवत होत्या. एकेक पान सोडवायचं, वर सुती पदर टाकायचा आणि हलक्या हाताने इस्त्री फिरवायची. शिक्क्यांची शाई पसरून जांभळी झाली होती. मी त्यांच्याजवळ बसले. त्या म्हणाल्या, "याआधी पण आलं होतं गं, पण एवढं नाही." दलालाने चार महिन्यांत हे एकदाही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसानंतर माझं फ्लॅट बघणंच बदललं. पावसाळा संपेपर्यंत कुठेही आत जाण्याआधी मी पार्किंगच्या खांबांवर आणि कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची खूण शोधायची. रखवालदाराला विचारायची, इस्त्रीवाल्याला विचारायची. घरमालक आणि दलाल सोडून बाकी सगळे खरं सांगतात. मीटर कुठे बसवलेत, बोअरची मोटर कुठे आहे, तेही बघायची. घर घ्यायचं असेल तर नदीच्या गावात पावसाळ्यातच बघावं.

22 सप्टेंबरला मांजलपूरचा फ्लॅट पाहिला. 2011 ची इमारत, तिसरा मजला, दोन बेडरूम, मोजून 610 फूट. मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, जवळ असल्यामुळे भाडेकरू मिळतील हे दिसत होतं. जुलैच्या पावसात पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत पाणी होतं आणि दुसऱ्या दिवशी ओसरलं, असं रखवालदाराने सांगितलं. खांबावरची खूणही तेवढीच होती.

मालकांनी 26 लाख सांगितले, वर पुस्ती जोडली: दस्तावेज 18 लाखांचा, बाकीचे 8 रोख. त्यांचा युक्तिवाद असा की त्या जागेची जंत्री, म्हणजे सरकारने ठरवलेली किमान किंमत, 14 लाखांच्या आसपास येते, म्हणजे 18 चा दस्तावेजही जंत्रीच्या वरच आहे, कुणी विचारणार नाही. "बेन, बधा आम ज करे छे," (ताई, सगळे असंच करतात) ते पुन्हापुन्हा म्हणत होते. दलालाने लगेच मोबाइलवर हिशेब करून दाखवला, 8 लाखांवरची स्टँप ड्युटी, 39,200 रुपये, माझी वाचत होती.

त्या रात्री घरी वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, सगळा बाजार असाच चालतो, आपण अडून बसलो तर घर मिळणार नाही. मला तीन गोष्टी खटकत होत्या. आठ लाख रोख आणायचे कुठून? माझे पैसे बँकेतले, पांढरे. दुसरं, स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि उद्या व्यवहार मोडला तर ते आठ लाख दिल्याचा माझ्याकडे कागद नाही. तिसरं, कर्ज दस्तावेजाच्या रकमेवर मिळतं. चौथी गोष्ट मला तेव्हा कळलीच नव्हती, ती सहा वर्षांनी कळली.

मी मालकांना फोन करून सांगितलं, सगळे पैसे चेकने देईन, दस्तावेज पूर्ण रकमेचा. ते आठ दिवस गप्प राहिले. मग साडेसव्वीस लाखांवर तयार झाले. म्हणजे पन्नास हजार जास्त मोजले आणि स्टँप ड्युटीही जास्त. दलालाच्या वाटेने गेले असते तर 91 हजार वाचले असते. दसऱ्याला आईला पेढे दिले, पण ते 91 हजार मनात सलत होते हे खरं.

10 ऑक्टोबरला बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, केलं, दहा टक्के चेकने दिले. बानाखतात वकीलकाकांनी एक वाक्य आग्रहाने घातलं: टायटलमध्ये (मालकी हक्कात) दोष निघाला तर बान्याची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत. तुम्हीही घाला.

वकीलकाकांची फी आणि दोन वर्तमानपत्रांतली जाहीर नोटीस मिळून 14 हजार झाले. त्यांनी 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, घेतला. शेतजमीन, मग बिनशेतीचा हुकूम, मग बिल्डर, मग आमचे मालक. तिथपर्यंत साखळी नीट होती. बीयूची प्रत मालकांकडे नव्हती, ती सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कपाटात सापडली. नोटिशीवर सात दिवसांत कुणाची हरकत आली नाही. पण सर्चमध्ये एक गाठ निघाली. मालकांनी 2012 मध्ये फ्लॅटवर कर्ज घेतलं होतं, 2017 मध्ये फेडलंही होतं, पण बँकेकडून मूळ दस्तावेज परत घेतला नव्हता आणि बोजा उतरल्याची नोंदही केलेली नव्हती. सरकारी दप्तरात तो फ्लॅट अजून बँकेकडे गहाणच होता.

इथे सहा आठवडे गेले. शाखेत म्हणाले, कागद मुंबईच्या गोदामात आहेत. मालक वयस्कर, एकटे जायला कंटाळायचे, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी मी ऑफिस सुटल्यावर त्यांच्याबरोबर जायची. प्रत्येक वेळी वेगळ्या टेबलावरचा वेगळा माणूस. एकदा मालक बाकावर बसल्याबसल्या म्हणाले, "बेन, तुम्ही नसता तर मी हे असंच ठेवून दिलं असतं आणि माझ्या मुलांना निस्तरावं लागलं असतं." 25 नोव्हेंबरला कागद आले. बाहेर टपरीवर आम्ही दोघांनी चहा घेतला. रोखीवरून आमच्यात जो ताण आला होता तो तिथे विरला.

माझं 12 लाखांचं कर्ज 2 डिसेंबरला मंजूर झालं. 15 वर्षं, हप्ता साधारण 11,650.

दस्तावेज 11 डिसेंबरला, बुधवारी. गुजरातेत छापील स्टँप पेपर त्याच वर्षी ऑक्टोबरपासून बंद झाले होते, त्यामुळे ई-स्टँप काढला. 4.9 टक्क्यांनी 1,29,850 रुपये. नोंदणी फी एक टक्का असते, पण खरेदीदार बाई असेल तर ती माफ होते. मात्र नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की माफी जाते. आम्ही माझं एकटीचंच नाव ठेवलं आणि 26,500 रुपये वाचले. हे कुणी आपणहून सांगत नाही. नाव जोडीने घालायचं की एकटीने, हे कर्जाचा अर्ज करण्याआधीच ठरवा, कारण बँकेचे कागद त्याच नावाने बनतात.

आदल्या रात्री मी मसुदा वाचायला बसले. दस्तावेज अर्थातच गुजरातीत. आम्हा बडोदेकरांना ती अडचण नसते, पण कायद्याची गुजराती सावकाश वाचावी लागते. 18 पानं होती. अकराव्या पानावर, जिथे चारी दिशांना काय आहे ते लिहितात, तिथे फ्लॅट नंबर 302 च्या जागी 203 पडला होता. बाकी सगळीकडे बरोबर. रात्री साडेदहाला वकीलकाकांना फोन केला. ते झोपले होते, पण रागावले नाहीत. "बरं झालं, नाहीतर सुधारणेचा वेगळा दस्तावेज करावा लागला असता, दोन्ही पार्टींना परत अंगठे द्यायला आणावं लागलं असतं," म्हणाले. सकाळी ते पान बदललं.

सब-रजिस्ट्रार कचेरीत साडेअकराची वेळ होती, नंबर लागला पावणेदोनला. साक्षीदार म्हणून नवरा आणि माझा धाकटा भाऊ. एक आणखी अडचण आली. पॅनकार्डावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) खालच्या मजल्यावर करून आणावा लागला, त्यात चाळीस मिनिटं. मग मालक आत गेले. कारकुनाने विचारलं, "पैसा पूरा मळी गया?" (पैसे पूर्ण मिळाले?) मालक हो म्हणाले. त्यांचा अंगठा, फोटो. माझा अंगठा, फोटो. कॅमेऱ्यासमोरची खुर्ची इतकी बुटकी होती की फोटोत माझं कपाळच मोठं आलंय. बाहेर आल्यावर अंगठ्याची शाई मी पुसलीच नाही, घरी आईला दाखवली. ती काही बोलली नाही, माझा हात हातात धरून बसली.

पुढचं सगळं किरकोळ पण वेळखाऊ. पालिकेत वेराबिलावर (घरपट्टीच्या बिलावर) नाव बदलणं, विजेच्या मीटरवर नाव (कंपनीचं नाव बदलून किती वर्षं झाली तरी आम्ही जीईबीच म्हणतो), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. वेऱ्याची आधीची थकबाकी मालकांनी भरली असल्याची पावती दस्तावेजाआधीच घ्यावी, नंतर मागणं अवघड जातं. दुरुस्तीला 1 लाख 40 हजार लागले: संडासाची लाइन, खिडक्यांच्या जाळ्या, मोरीचं वॉटरप्रूफिंग, रंग. मी 70 हजार धरले होते.

फेब्रुवारी 2020 मध्ये पहिला भाडेकरू आला. जीआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी, बायको आणि लहान मूल, भाडं 9,000, डिपॉझिट दोन महिन्यांचं. अकरा महिन्यांचा करार केला, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा झाला की नोंदणी करावी लागते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली. ते टाळू नका, पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्याप्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची असते.

आणि मार्चमध्ये लॉकडाउन. कारखाना बंद, त्याचा पगार बंद. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला तेव्हा त्याला शब्द सापडत नव्हते. एप्रिल-मेचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं. मेअखेर तो कुटुंबाला घेऊन गावी गेला. जाताना फरशी धुऊन, किल्ली वरच्या काकूंकडे ठेवून गेला. पुढे पाच महिने फ्लॅट रिकामा. हप्ता चालू. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती. मी बसून गणित केलं: थांबवलेल्या हप्त्यांवरचं व्याज मुद्दलात जमा होणार होतं. माझा पगार कापून का होईना येत होता, म्हणून सवलत घेतली नाही. ज्यांचा पगारच थांबला त्यांना ती घ्यावीच लागली. ते पाच महिने रात्री झोप लागायची नाही. फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय कर्ज काढू नका.

नोव्हेंबर 2020 मध्ये दुसरं कुटुंब आलं, 8,500 वर. बाजार पडलेला होता, ताणलं नाही. ते दोन वर्षं राहिले आणि एकही भाडं चुकलं नाही. डिसेंबर 2022 पासून तिसरे, 10,000 ने सुरू होऊन शेवटी 11,000.

मधल्या काळातल्या दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. 15 एप्रिल 2023 पासून सरकारने जंत्री वाढवली. तोवर 2011 चे दर चालत होते, ते एकदम दुप्पट झाले, राहत्या फ्लॅटसाठी 1.8 पट. म्हणजे "जंत्रीवर दस्तावेज करू" म्हणणाऱ्यांची सोय बरीच आटली. आणि ऑगस्ट 2024 चा पूर. विश्वामित्री पुन्हा घरांत शिरली, कितीतरी भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. मी भाडेकरूंना फोन केला. पार्किंगमध्ये घोट्याच्या जरा वर पाणी, मीटर कोरडे. पाणी ओसरल्यावर जाऊन खांबावरच्या ओल्या रेघेचा फोटो काढून ठेवला. येताना मुद्दाम समाच्या त्या सोसायटीवरून गेलो. पारिजातक तोडलेला होता. तळमजल्याच्या खिडकीतून आत पाहिलं, रेघ यावेळी 2019 पेक्षा वर होती. नवरा काही न बोलता स्कूटरवर बसून राहिला.

मार्च 2025 मध्ये भाडेकरूंनी स्वतःचं घर घेतलं आणि फ्लॅट मोकळा झाला. मुलीची बारावीची परीक्षा संपली होती. विकायला काढला. अडीच महिन्यांत 14 जण बघून गेले. शेवटी प्रतापनगरच्या एका मराठी कुटुंबाशी 36 लाख 50 हजारांवर जमलं, सगळे पैसे बँकेतून. त्यांचंही कर्ज होतं, त्यामुळे त्यांच्या बँकेने माझं उरलेलं 8 लाख 90 हजार परस्पर माझ्या बँकेला दिलं आणि बाकीचं मला. 19 जूनला दस्तावेज झाला. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत द्यायचे, नाहीतर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर 2023 पासून आहे. शाखेत मी तो नियम नुसता नम्रपणे सांगितला. कागद एकोणिसाव्या दिवशी हातात आले. 2019 मध्ये हा नियम असता तर मालकांचे आणि माझे सहा आठवडे वाचले असते.

आता हिशेब, कारण विचारणाऱ्या सगळ्या त्यासाठीच विचारतात. खरेदी, स्टँप ड्युटी, दलाली आणि वकील मिळून 28,20,350. विक्रीतून दलाली वजा जाता 36,13,500. फरक 7,93,150. साडेपाच वर्षांत भाडं जमा झालं 5,31,500. त्यातून मेंटेनन्स, वेरा, दोन्ही वेळची दुरुस्ती, भाडेकरू आणणाऱ्या दलालांचे पैसे गेले 2,70,600. म्हणजे अर्धं भाडं घरानेच खाल्लं. कर्जाचं व्याज गेलं सुमारे 4 लाख 60 हजार. सगळी वजाबाकी करून हातात उरले साधारण 5 लाख 94 हजार. खरेदीत कर्ज सोडून घातलेले माझे स्वतःचे 16 लाख 20 हजार 2019 मध्ये 6.25 टक्क्यांच्या एफडीत टाकले असते तर माझ्या स्लॅबचा कर जाऊन पाच लाखांच्या आसपास मिळाले असते. फरक 90 हजारांचा. दुरुस्तीचे पैसे आणि हप्त्यातून फेडलेलं मुद्दलही एफडीत ठेवलं असतं तर हा फरकसुद्धा बराचसा पुसला गेला असता. "फ्लॅटमध्ये पैसे दुप्पट होतात" असं सांगणाऱ्यांनी बहुधा घेतलेली आणि विकलेली किंमत एवढेच दोन आकडे समोर ठेवलेले असतात.

आणि हे 90 हजारही उरले ते 2019 च्या त्या वादामुळे. जुलैत सीए ताईंकडे बसले होते. जुलै 2024 पासून स्थावराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाईची सवलत न देता 12.5 टक्के कर आहे. पण 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घरासाठी जुनी पद्धतही चालते, महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर 20 टक्के. दोन्हींत जो कमी तो. नव्या पद्धतीने माझा कर 1,03,000 च्या आसपास येत होता. जुन्या पद्धतीसाठी ताईंनी निर्देशांक मांडला: खरेदीच्या वर्षीचा 289, विक्रीच्या वर्षीचा 376. माझे 28,20,350 झाले 36,69,000. विक्रीच्या रकमेपेक्षा जास्त. कर शून्य. रंगाचे पैसे सुधारणेत धरता येत नाहीत, जाळ्यांचे धरता येतील का ते बघावं लागेल, असं त्या म्हणाल्या, पण त्याची गरजच पडली नाही.

मग मी त्यांना विचारलं, दस्तावेज 18 लाखांचा असता तर? त्यांनी कॅल्क्युलेटर पुन्हा हातात घेतला. कागदावरची खरेदी कमी, म्हणून नफा मोठा. दोन्हींतली कमी रक्कम धरूनही सुमारे 2,19,000 रुपये कर. त्या वेळी वाचले असते 91 हजार, आता गेले असते दोन लाख एकोणीस हजार, आणि रोख दिलेल्या आठ लाखांचा कुठे पुरावा नाही. मी तो आकडा वहीत लिहून घेतला आणि संध्याकाळी नवऱ्यासमोर वही ठेवली. त्याने दोनदा वाचलं. "तू तेव्हा ऐकलं नाहीस ते बरं झालं," म्हणाला.

किल्ल्या 9 जुलैला दिल्या. घेणाऱ्यांना मी माझ्या फाइलची झेरॉक्स करून दिली: बीयूची प्रत, सोसायटीचे कागद, वेऱ्याच्या पावत्या, वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर, मोरीचा नळ कुठून बंद होतो ते. घेणाऱ्या मुलाच्या आई फ्लॅटभर फिरल्या, स्वयंपाकघरात देवासाठी जागा ठरवली. जिना उतरताना त्यांनी विचारलं, "ताई, खरं सांगा, पाणी कुठवर येतं?" मी फोनमधला ऑगस्टचा फोटो काढला आणि त्यांना पार्किंगमधल्या त्या खांबाशी घेऊन गेले. रेघ अजून पुसट दिसत होती. त्यांनी वाकून तिच्यावर हात ठेवला, मग मुलाला हाक मारून स्कूटर तिथून काढायला सांगितली आणि गेटाजवळच्या उंच बाजूला लावून घेतली.